गो म्हणायचं नाही

बाई, काल तुमची शोकसभा झाली. रोह्यातल्या ज्या हॉलमध्ये तुम्ही कोणाच्या लग्नालासुद्धा दहा मिनिटांच्या वर थांबायचा नाहीत, तिथे तुम्हाला दोन तास फोटोत बसवून ठेवलं होतं. फोटोही कुठल्याशा मुंजीतला, कापून मोठा केलेला. तुमच्या खांद्याला खेटून कोणाच्या तरी हिरव्या ब्लाउजची बाही तशीच राहिली होती. सहा जण बोलले आणि सहाही जणांनी तुम्हाला मायेचा सागर म्हटलं. एक गृहस्थ तर म्हणाले की तुम्ही मुलांमध्ये मूल होऊन रमायचात. मी मागे चहाच्या थर्मासपाशी उभी होते. मला हसू आवरेना. मुलांमध्ये मूल! आठ वर्षांत मी तुम्हाला खुर्चीवरून जमिनीवर उतरलेलं पाहिलं नाही. तुमच्या लेखी मूल म्हणजे अजून नीट न धुतलेला माणूस.

मला कोणी बोलायला बोलावलं नाही. मी मदतनीस, त्यामुळे सभेतही माझ्याकडे चहाच. जे बोलले त्यांच्यातल्या एकालाही तुमच्या बालवाडीत किती खिडक्या आहेत ते सांगता आलं नसतं. एका माजी विद्यार्थ्याने मोबाइलमधून कविता वाचली. तुमच्या नावाच्या जागी दुसरं कोणाचंही नाव घातलं असतं तरी चाललं असतं. लोकांना मेलेलं माणूस गोडच लागतं. तुम्ही गोड नव्हता. तुम्ही कोत्या मनाच्या, हट्टी, दुसऱ्याच्या बोलण्याला नाक मुरडणाऱ्या बाई होता आणि मला तुमचा राग होता. अजून आहे. म्हणून आज लिहायला बसले, कारण सभेत तुमच्याबद्दल जे काही सांगितलं गेलं त्यात तुम्ही कुठेच नव्हता.

मी पेणजवळच्या गडबची. भाताच्या नि वालाच्या शेतात वाढलेली, लग्न होऊन रोह्याशेजारच्या वरशाला आलेली, बारावीला एकदा गटांगळी खाल्लेली. तुमच्या बालवाडीत मदतनीस हवी म्हणून कळलं आणि आले. तुम्ही खुर्चीवर बसून मला पायांपासून वरपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, “पूर्वी कुठे काम केलं आहेस?”

मी म्हटलं, “नाय.”

तुम्ही म्हणालात, “नाय नाही. नाही.”

मला वाटलं, बाई तीन-तीनदा नकार देतायत. मी पिशवी उचलून दारापर्यंत गेले. तुम्ही हाक मारलीत, “कुठे चाललीस? चुलीवर पाणी ठेव, पोरांचे हातपाय धुवायचेत.” चूल म्हणजे गॅसची शेगडी, हे मला आत गेल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी तुमच्याकडे लागले ती लागलेच.

तुमचं ते ‘नाय नाही, नाही’ मुलं रोज ऐकत होती. वर्गातल्या प्रत्येक पोराला दिवसातून दोनदा तरी तो प्रसाद मिळायचा. परिणाम काय झाला? मुलांनी तो एक अख्खा शब्दच करून टाकला. “डबा संपला का रे?” “नायनाही.” “शू आलीय?” “नायनाही बाई.” तुम्ही चष्मा काढून कपाळाला हात लावायचात आणि मी मोरीत जाऊन हसून घ्यायची. वरशातली कितीतरी पोरं ‘नायनाही’ म्हणत पहिलीत गेली असतील. इतकी वर्षं शुद्ध भाषेसाठी झटून तुम्ही मराठीला काय दिलंत, तर हा एक शब्द. शोकसभेत हे कोणी सांगितलं नाही.

मीही मुलांसारखीच. सहा महिन्यांत माझं नाय गेलं, हाय गेलं, व्हय गेलं. घरी एकदा सासूबाईंना “जेवलात का?” ऐवजी “आपलं जेवण झालं का?” म्हटलं तर त्या तोंडाकडे बघतच राहिल्या. “काय गो, तुला बाईचं वारं लागलं काय?” मी वरवर चिडले, पण आतून सुखावले होते. माहेरी गेले की बहिणींमध्ये बसून मी मुद्दाम ‘नाही’ म्हणायची. त्या एकमेकींना कोपरं मारायच्या. मला वाटायचं, जळतात.

हे खरं की बारावी तुम्हीच पास करून घेतलीत. मुलं गेल्यावर तासभर, रोज. व्याकरण शिकवताना तुम्ही इतक्या वैतागायचात की मला वाटायचं, समास मीच शोधून काढलेत आणि तुमच्यावर लादलेत. पास झाल्यावर पेढे घेऊन आले. तुम्ही गुणपत्रिका बघितलीत आणि म्हणालात, “हे काही पेढ्यांचे मार्क नव्हेत.” तरी दोन खाल्लेत. साखर असूनसुद्धा. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तुम्हाला आनंद झाला की तुम्ही अधिकच वाईट बोलता. पण बाई, हे कळायला माणसाला वर्षं लागतात आणि चार वर्षांच्या पोरांकडे एवढा वेळ नसतो.

मग मी बालशिक्षणाच्या पदविकेला नाव घातलं. वरशात नवीन बिल्डिंगी उठल्या, नवीन पालक आले, ते दारातच विचारायला लागले, “टीचर ट्रेन्ड आहेत का?” तुमच्याकडे जुनं कुठलंसं प्रमाणपत्र होतं, माझ्याकडे काहीच नव्हतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, “मुलांची नाकं पुसायला पदविका? मग पाठ धुवायला पीएचडी करशील.”

तुमची चेष्टा अगदीच चुकीची नव्हती. रविवारी सकाळी एसटीने पेणला जायचं. नागोठण्यावरून, माझ्या गडबवरून पुढे, आईला खिडकीतून हातसुद्धा न करता. वर्ग भरायचा एका गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली शाडूच्या मातीचे ढीग लागलेले, कारागिरांचे हात कोपरापर्यंत त्यात बुडालेले. आणि वर आमच्या मॅडम ऑनलाइन मागवलेल्या प्लॅस्टिकच्या मातीची बारीक पाकिटं फोडून सांगणार, “ही चाइल्ड-सेफ क्ले. मुलांना मातीचा अनुभव द्या.” आम्ही वीस-बावीस बाया, कोणी डोलवीहून, कोणी खाडीकडच्या गावांतून, आठवडाभर पोरं सांभाळून अर्धवट झोपेत आलेल्या. त्या आम्हाला शिकवणार की मुलांना वेळ द्या. मॅडमच्या नखांवरून मला शंका यायची की यांनी आयुष्यात एक तरी नाक पुसलंय का. मी सोमवारी येऊन तुम्हाला हे सगळं नक्कल करून दाखवायची. तुम्ही ओठ दाबून म्हणायचात, “दुसऱ्यांची नक्कल करू नये. त्या क्ले कशा म्हणाल्या? परत म्हण.”

आपण दोघी मिळून जगाला नावं ठेवण्यात फार पटाईत होतो. तेवढ्यात तरी आपलं जमायचं.

पण एका रविवारी मॅडमनी घरच्या भाषेचा धडा घेतला. मूल ज्या भाषेत घरी रडतं, हसतं, मागतं, त्या भाषेत त्याला बालवाडीत बोलू द्यावं, दुरुस्त करत बसू नये. त्यांनी ते फळ्यावरून वाचूनच दाखवलं होतं, पण माझी अर्धवट झोप उडाली. परतीच्या एसटीत मला सगळी पोरं आठवली. मग मीच आठवले, पिशवी उचलून दाराकडे निघालेली.

सोमवारी मी भांडायलाच आले. पाट्या पुसता पुसता तुम्हाला धडा ऐकवला. तुम्ही म्हणालात, “घरचं घरच्यांनी शिकवलंय. मीही तेच शिकवायचं तर माझी गरज काय? पहिलीत गेल्यावर वर्ग हसतो पोरांना. गुरुजी हसतात. कोणी हसू नये म्हणून मी आत्ता रागावते.”

“मग हसणाऱ्याला रागवा ना.”

“हसणाऱ्यांना रागवायची पदविका तू ही झाल्यावर घे. आधी ती पाटी नीट पूस.”

हे भांडण वर्षभर चाललं. कधी पाट्यांवर, कधी वाळत घातलेल्या नॅपकिनांवर. तुम्ही एक पाऊल मागे आला नाहीत, मीही नाही. आणि त्यात जूनमध्ये सानवी आली.

तिचं घर मूळ पेणच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांपैकी. वडिलांना रोह्याकडे कंपनीत काम लागलं म्हणून वरशाला बिऱ्हाड केलेलं. मुलगी चार वर्षांची, आजीजवळ वाढलेली, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी तुमच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, “गो बाय, मना पानी दे.”

तुम्ही म्हणालात, “कोणाला गो म्हणतेस? ‘बाई, मला पाणी द्या’ म्हण.”

सानवीने मागे वळून बघितलं, बाई दुसऱ्या कोणाशी बोलतायत की काय म्हणून. तिच्या घरात आजीला गो, आईला गो, शेजारणीला गो. माणूस आपलं आहे हे सांगायचा तिच्याकडे तो एकच शब्द. तो खोडल्यावर तुम्हाला हाक कशाने मारायची, हेच तिला कळेना. हळूहळू ती बोलेनाशी झाली. मग रोज कपड्यात शू व्हायला लागली. तुम्ही आईला सांगितलंत, मुलीला डॉक्टरांना दाखवून घ्या. ती बिचारी घाबरून रोह्यात एकाकडे गेली, पेणला दुसऱ्याकडे गेली. कोणी म्हटलं कान तपासा, कोणी म्हटलं बोलायला उशीर आहे. ज्या मुलीने पहिल्या दिवशी अख्ख्या वर्गाच्या कानठळ्या बसवल्या होत्या, तिचे कान तपासायला निघाले सगळे.

तेव्हाच पदविकेसाठी मला एका मुलाचं सहा आठवडे निरीक्षण करून वही भरायची होती. मी सानवीला घेतलं. रोज दोनदा, ठरलेल्या वेळी, ती काय करते ते लिहायचं. मी बघितलं की ती तुमच्या खुर्चीपाशी येते, तोंड उघडते, थांबते, तोंड मिटते, जागेवर जाऊन बसते. आणि मग खाली ओलं होतं. एकदा नाही, सतरा वेळा. मी तारीखवार लिहिलं. शेवटी निष्कर्ष लिहिला: मुलीला बोलता येतं, ऐकू येतं. तिचा हाक मारायचा शब्द शिक्षिकेने काढून घेतला, म्हणून ती मदत मागू शकत नाही. लिहिताना मला कोण अभिमान वाटला! ‘शिक्षिकेने’ हा शब्द तर मी गिरवून ठळक केला होता.

वहीत एवढंच आहे. आता जे नाही ते सांगते, जरी तुम्हाला ते माहीत असलं तरी.

त्या पहिल्या दिवशी तुम्ही एकदा दुरुस्त केलंत आणि तिला पाणी दिलंत. दुसऱ्या दिवशी ती परत ‘गो बाय’ म्हणत तुमच्याकडे धावली, तेव्हा मी तिला मध्येच दंडाला धरून बाजूला घेतलं. म्हटलं, “बाईंना गो म्हणायचं नाही. परत गो म्हणालीस तर बाई तुला घरी पाठवून देतील, आणि आई घरात घेणार नाही.” कुठून आलं ते वाक्य? तुमच्या तोंडून तर मी असलं कधी ऐकलं नव्हतं. वर्षभर तुमच्याशी भांडत होते, तरी मला तुम्हाला दाखवायचं होतं की मी आता तुमच्या बाजूची आहे, गो म्हणणाऱ्यांच्या नाही. तुम्ही खुर्चीवरून चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं खूश झालात. किती मूर्ख असावं माणसाने!

मुलगी तुम्हाला घाबरलीच नव्हती. तिच्या हाकेवर पहारा मी बसवला होता, आणि पहारेकरीणच समोर बसून वहीत नोंदी करत होती.

वहीवर तुमची सही लागणार होती, जिथे काम करतो तिथल्या मुख्य बाईंची. मी वही तुमच्यासमोर आदळली म्हटलं तरी चालेल. तुम्ही निष्कर्षाचं पान उभ्याउभ्या वाचलंत. मी वाट बघत होते की आता फुटतील, ओरडतील, मग मी वर्षभराचं सगळं काढीन. तुम्ही फक्त विचारलंत, “सगळं लिहिलं आहेस?”

“व्हय,” मी म्हटलं. रागात तो शब्द निघून गेला तोंडातून.

तुम्ही मला दुरुस्त केलं नाहीत. आठ वर्षांत पहिल्यांदा. वही पिशवीत घातलीत आणि म्हणालात, “घरी नेऊन बघते.” मी तशीच पाठ फिरवून नॅपकिन काढायला गेले. पुढचे चार दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी सकाळी रिक्षाची वाट बघत तुम्ही घराच्या पायरीवर बसलात आणि रिक्षा आली तेव्हा उठला नाहीत.

मला तुमचा संताप येतो तो या जाण्याचा. भांडण अर्धं टाकून असं कोणी जातं का?

आठवडाभर बालवाडी बंद होती. तुमची मुलगी पुण्याहून आलेली. सरळ आहे, तुमच्यासारखी नाही. तिने मला सांगितलं, “मावशी, तुमची पदविका झाली की आईचा वर्ग तुम्हीच चालवा. नाहीतर मला जूनमध्ये या भाड्याच्या खोल्या सोडाव्या लागतील. पालक ट्रेन्ड टीचरशिवाय थांबणार नाहीत.” आणि तुमच्या कपाटातली माझी वही दिली.

मी ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून उघडली. पानापानावर तुमची लाल शाई. ऱ्हस्व-दीर्घ, पूर्णविराम, एका ठिकाणी ‘वाक्य पाल्हाळिक’. मेलेल्या माणसाकडून शुद्धलेखन तपासून घेणारी पदविकेच्या इतिहासात मी एकटीच असेन. पण सानवीचं ‘गो बाय, मना पानी दे’ तुम्ही तसंच ठेवलं होतंत, ‘पानी’चा नसुद्धा. निष्कर्षाच्या पानावर एकही खूण नाही. खाली सही, तारीख, आणि शेऱ्याच्या चौकटीत ‘निरीक्षण बरोबर’.

बरोबर? बाई, तुम्ही माझं ते वाक्य ऐकलं होतंत. स्वल्पविराम चुकला तर न सोडणाऱ्या तुम्ही, ही केवढी मोठी चूक गिळून खाली सही ठोकलीत!

बालवाडी उघडली. सानवीच्या आईला वाटत होतं की आता मुलगी बोलेल. मलाही तसंच वाटतंय असं नाटक मी केलं. पहिल्या दिवशी ओली. दुसऱ्या दिवशी ओली. तुमची खुर्ची रिकामी होती आणि ती माझ्यापाशी येऊन तोंड उघडून थांबत होती. मी तिचे कपडे बदलले. तुम्ही बदलायचात तेव्हा एक अवाक्षर काढायचा नाहीत, कपाटात तुमच्या नातीचे जुने फ्रॉक घडी करून ठेवलेले असायचे, आणि ‘घाण’ हा शब्द वर्गात कोणाला उच्चारू द्यायचा नाहीत. ते मात्र मी तुमच्याकडून शिकले, ते कोणत्याही पदविकेत शिकवत नाहीत.

बुधवारी मी तिच्या घरी गेले. आई तांदूळ निवडत होती. मला बघून उठली. “बसा मावशी. बाई पन आल्यावत्या हितं. त्या गेल्या ना, त्याच्या आदल्या दिवशी.”

मला माहीत नव्हतं.

“खाली लादीवर बसल्या. आमी खुर्ची देत व्हतो, नाय बोलल्या. हात जोडलं मना. बोलल्या, तुमच्या पोरीला कायपन झालं नाय, डॉक्टरकडं नेऊ नका, माझ्यामुलं झालं. आमच्या मनीषानं वहीत बरोबर लिवलंय बोलल्या. मोठं मानूस. मना लय कसंतरी झालं.”

हे मला सहन होत नाही, बाई. आयुष्यभर कोणाला एक चांगला शब्द न देणाऱ्या बाईने शेवटी द्यावा आणि तो खोटा द्यावा? मी काय तुमच्याकडे दया मागायला आले होते? मला तोंडावर सांगायचं होतंत, की मनीषा, तू स्वतःला वगळलंस. लाल पेन हातातच होतं. की तुम्हाला वाटलं, ते वाक्य माझ्या तोंडात आलं ते तुमच्यामुळेच, मला ‘नाय’ची लाज तुम्हीच शिकवलीत, म्हणून चूकही तुमचीच? हा तर आणखी मोठा अपमान. म्हणजे आठ वर्षांनीही माझं वाक्य माझं नाही, तेही तुमचंच!

मी तिच्या आईला सांगितलं. बाई खोटं बोलल्या. ते मी म्हटलं होतं सानवीला. दंड धरून. आई घरात घेणार नाही, हे पण मीच.

ती तांदळात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, “तुमी गडबच्या ना? तुमी पन घरी आमच्यासारखंच बोलता ना? मंग?”

चहा न घेता उठले. तिनेही घ्या म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

पेणच्या मॅडमना फोन केला. म्हटलं, वहीत एक नोंद राहिलीय, घालायची आहे. त्या म्हणाल्या, “सही झाल्यावर काही वाढवता येत नाही. वाढवलंत तर पुन्हा सही लागेल.” मी म्हटलं, सही करणाऱ्या वारल्या. “अरेरे. मग जशी आहे तशीच द्या ना. इतकी सुंदर केस आहे, मी सगळ्या बॅचला वाचून दाखवणार होते.” नाहीतर काय, मी विचारलं. नाहीतर दुसरी बालवाडी, दुसरं मूल, पुन्हा सहा आठवडे, आणि पुढच्या वर्षीची परीक्षा. सुंदर केस! मला त्यांची कीव आली, आणि माझी त्याहून जास्त, कारण पंधरवड्यापूर्वी हेच कौतुक ऐकायला मी जीव टाकला असता.

काल सभेनंतर थर्मास धुऊन ठेवले आणि तुमच्या सहीखाली निळ्या पेनने लिहिलं: ‘वरील निष्कर्ष अपुरा आहे. मुलीला धमकी मदतनिसाने दिली. मदतनीस म्हणजे मी.’ लाल शाईशेजारी ते फार वाईट दिसतं. उद्या रविवार, वही घेऊन पेणला जाणार आहे. मॅडम परत करतील. तुमच्या मुलीला आज फोनवर सांगितलं की पदविका या वर्षी होणार नाही. ती म्हणाली, बघू. जूनमध्ये खोल्या राहतील की नाही मला ठाऊक नाही. तुम्ही सही करून मला वर्ग देऊन गेला होतात, तो मी घालवला असेन. तुमच्या उपकाराचं मी हे असं केलं. रागवा.

पण आज सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. शनिवार, अर्धा दिवस. पाढे म्हणून झाल्यावर मी सानवीसमोर खाली बसले. म्हटलं, “मी तुला त्या दिवशी खोटं सांगितलं. आई तुला घरात घेते. रोज घेते. तुला मला काय हाक मारायची ती मार.” तिने ऐकून घेतलं आणि ठोकळ्यांकडे निघून गेली. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, एवढ्यावर कोण विश्वास ठेवील.

तासाभराने मी खिडकी पुसत असताना मागून ओढणीला जोराचा हिसका बसला. इतका की खांद्यावरची पिन कातडीत घुसली. मी ओरडणारच होते. वळून बघितलं तर सानवी, ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही मुठींत माझी ओढणी आणि पाय एकमेकांत अडकवलेले. मी तिला उचलून मोरीकडे पळाले. आज ती कोरडी घरी गेली.

मुलं ओढतात म्हणून आठ वर्षं मी ओढणी दोन्ही खांद्यांवर पक्की पिनअप करत आले. सोमवारपासून पिन लावणार नाही.